मोबाइल आहे, मग गरीब कसले?

“आता गरिबी राहिलीय कुठे?” हल्ली हा प्रश्न उत्तरासाठी विचारला जात नाही, निकाल म्हणून ऐकवला जातो. पुण्या-नाशकाच्या सोसायट्यांत, बागायती गावांच्या पारावर, लग्नाच्या पंगतीत आणि अधूनमधून वर्तमानपत्रांच्या लेखांतही. पुरावे ठरलेले असतात. धुणंभांडी करणाऱ्या बाईच्या हातात स्मार्टफोन आहे. पत्र्याच्या घरावर डिशची छत्री आहे. मजूर मोटरसायकलवरून येतो आणि मजुरीचा दर स्वतः सांगतो. रेशनवर धान्य फुकट, घरातल्या बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार, मग कामाला हात लावणार कोण? आणि एवढं मिळूनही कोणाची परवड संपत नसेल, तर कारण त्याच्याच घरात सापडतं म्हणे: दारू, कर्ज काढून केलेली लग्नं आणि हिशेबाच्या नावाने बोंब.

हे सगळं थापांवर उभं असतं तर उत्तर द्यायची गरज नव्हती. पण मोबाइल खरा आहे, मोटरसायकलही खरी आहे, आणि या म्हणण्याला सरकारी आकड्यांचा टेकूही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नीती आयोगाचे मुख्य कार्यकारी अधिकारी बी. व्ही. आर. सुब्रह्मण्यम यांनी देशातली गरिबी पाच टक्के किंवा त्याहूनही कमी असावी, असं सांगितलं. त्याआधी महिनाभर आयोगाच्या एका टिपणाने नऊ वर्षांत २४.८२ कोटी लोक गरिबीतून बाहेर आल्याचं जाहीर केलं होतं. जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने दिवसाला तीन डॉलरच्या नव्या रेषेवर हिशेब मांडला, तेव्हा २०११-१२ मधली २७.१ टक्के अतिगरिबी २०२२-२३ मध्ये ५.३ टक्क्यांवर आलेली दिसली.

यातली सुधारणा नाकारण्यात अर्थ नाही. वीज वाड्यावस्त्यांवर गेली, गॅस आला, संडास बांधले गेले, रस्ते झाले. २०११-१२ आणि २०२२-२३ च्या पाहण्यांची पद्धत एक नव्हती हे लक्षात घेऊनही, पोटाला चिमटा काढून झोपणाऱ्या घरांची संख्या घटली, हे मान्य करावंच लागतं. वाद आहे तो पुढच्या उडीबद्दल. उपाशी नाही म्हणून गरीब नाही, आणि गरीब नसूनही रडतो म्हणून लबाड, अशी ती उडी आहे.

पोट आणि गरिबी यांची ही सांगड जुनी आहे. १८७६ मध्ये दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, तेव्हा माणसाला जगायला किती लागतं याचा हिशेब त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या आणि परमुलखात पाठवल्या जाणाऱ्या मजुराच्या शिध्यावरून काढला होता. ती रेषा नव्हती, सरकारवरचा आरोप होता: तुमच्या राज्यात सामान्य रयतेला कैद्याइतकंही मिळत नाही. लगेच पुढच्या वर्षीच्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला सुमारे एक रतल धान्य आणि वर थोडे पैसे एवढी मजुरी पुरेशी ठरवली. मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी ती कामं सोडून दिली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. भुकेल्या माणसाने मिळतंय ते टाकून निघून जावं, हे तेव्हाच्या साहेबालाही कळलं नव्हतं.

स्वतंत्र भारतात पुन्हा तोच हिशेब सुरू झाला, पण त्याचा रोख बदलला. १९६२ मध्ये एका अभ्यासगटाने १९६०-६१ च्या किमतींना माणशी महिना २० रुपये ही किमान गरज ठरवली. त्यात शिक्षण आणि औषधपाणी धरलेलं नव्हतं, कारण ते सरकार देणार, असं गृहीत होतं. १९७१ मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा प्रसिद्ध अभ्यास आला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळायला खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, आणि तेवढेही सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के शहरी लोकांकडे नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. दांडेकर-रथांना देश हलवायचा होता आणि त्यांनी तो हलवला. पण त्यांच्या नंतर समित्या बदलत गेल्या आणि धोक्याची घंटा म्हणून आखलेली रेषा हळूहळू दारावरच्या चौकीदारासारखी वापरली जाऊ लागली: आत कोणाला घ्यायचं नाही हे ठरवायला.

सप्टेंबर २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, तेव्हा शहरात दिवसाला ३२ आणि खेड्यात २६ रुपये खर्च करणारा माणूस गरीब ठरत नव्हता. गदारोळ झाला. २०१३ मध्ये काँग्रेसचे प्रवक्ते राज बब्बर यांनी मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळतं असं सांगून त्यात भर घातली. (मुंबईत तेव्हा वडापाव किती रुपयांना होता, हे कोणीतरी त्यांना विचारायला हवं होतं.) तेंडुलकर समितीने शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्च हिशेबात धरला, तरी २०११-१२ साठी रेषा निघाली खेड्यात महिना ८१६ आणि शहरात १,००० रुपये. २०१४ मध्ये रंगराजन समितीने ती ९७२ आणि १,४०७ पर्यंत वर नेली. तो अहवाल सरकारने स्वीकारला नाही. त्यानंतर देशाने नवी रेषा आखलेलीच नाही.

मग नीती आयोगाने पैसे बाजूला ठेवून बारा निकषांची बहुआयामी मोजणी सुरू केली. कल्पना चांगली होती. पण तिच्यात घराचं बँकेत किंवा टपालात खातं आहे का एवढंच पाहिलं जातं, खात्यात काय आहे ते नाही. रेडिओ, टीव्ही, फोन, सायकल, मोटरसायकल, फ्रिज यांपैकी एकाहून जास्त वस्तू घरात असल्या की मालमत्तेच्या निकषावर ते घर वंचित राहत नाही. म्हणजे फोन आणि जुनी मोटरसायकल पुरते. शिवाय २०२२-२३ साठी जाहीर झालेला ११.२८ टक्क्यांचा आकडा त्या वर्षीच्या पाहणीतून आलेला नाही. २०१५-१६ आणि २०१९-२१ च्या आरोग्य पाहण्यांमधला घटीचा वेग पुढे ओढून तो काढलेला आहे. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. महाराष्ट्रातही खुज्या मुलांचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या वरच होतं. त्याच पाहणीवरून निघालेले गरीब पंधरा टक्के आणि खुजी मुलं पस्तीस टक्के, ही तफावत ‘गरिबी संपली’ म्हणणाऱ्यांनी एकदा उलगडून दाखवावी.

आकड्यांचं भांडण इथे सोडून बीड जिल्ह्यात जाऊ. गरिबीचं जे अंग या मोजण्यांना दिसत नाही, ते तिथे उघडं पडलेलं आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणी आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी तालुक्यांतून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. कामाचं माप माणसावर नसतं, जोडीवर असतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत. ती कशात गेली हे विचारायची गरज नसते. आधीचं देणं, पावसाळ्यातलं किराणा दुकान, कोणाचं तरी दुखणं, मुलीचं लग्न. मग पाच-सहा महिने ती फेडायची. फडाजवळ पालं पडतात. पहाटे अंधारात तोड सुरू होते, मोळ्या डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं, ट्रक अवेळी आला तर अवेळी भरायचा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती मोठी वाढ होती. पण दर टनावर आहे आणि उचल अंगावर आहे. हंगाम लवकर संपला, ऊस पातळ निघाला, जोडीतलं एक आजारी पडलं, तर फिटलेली नाही तेवढी बाकी पुढच्या वर्षाच्या वहीत जाते.

एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी जाते, वर दंड लागतो, तोही पाचशे रुपये आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. आता या हिशेबात पाळी बसवून पाहा. संडास नाही, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, वापरलेलं कापड वाळवायला जागा नाही. अंगावर जातं, ओटीपोट दुखतं, जंतुसंसर्ग होतो. गावी परतल्यावर बाई खासगी डॉक्टरकडे जाते आणि डॉक्टर सांगतो, पिशवी काढून टाका, कटकट संपेल. ती काढते. पैसे पुन्हा उसनेच.

२०१९ मध्ये या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्यावर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. १५ ते ४९ वयोगटातल्या बायकांमध्ये देशाची सरासरी २०१५-१६ च्या पाहणीत तीन टक्क्यांच्या आसपास होती. बीडमधल्या बऱ्याच जणींनी चाळिशीही गाठलेली नव्हती.

सोसायटीतल्या गप्पांत यावर हमखास एकच प्रतिक्रिया येते: अज्ञान. शिकलेल्या नाहीत, डॉक्टर सांगेल ते ऐकतात. अज्ञानाचा वाटा असेलही. पण या बाईचा हिशेब पाहा. दर महिन्याला दोन-तीन खाडे, पाच-सहा महिन्यांचा हंगाम, अंगावर उचल, आणि पुढच्या वर्षी मुकादमाने कोयता घेतलाच नाही तर काय, ही भीती. तिच्यापुढे असलेल्या पर्यायांत तिचा हिशेब चुकीचा नाही. हाडं ठिसूळ होणं, अकाली म्हातारपण, कायमचं अंग दुखणं ही किंमत पुढे द्यायची आहे, आणि तिला आजचा दिवस काढायचा आहे. पगारी रजा असलेल्या बाईला हा हिशेब मांडावाच लागत नाही. ती शहाणी आहे म्हणून नाही, तिला एक दिवस घरी बसणं परवडतं म्हणून.

आणि ही बाई गरीब आहे का? पाहणीवाले पावसाळ्यात तिच्या गावी गेले, तर घरकुल योजनेतलं पक्कं घर दिसेल. वीज आहे, बँकेत खातं आहे, गॅसची टाकी कोपऱ्यात आहे (उज्ज्वला योजनेतली घरं २०२३-२४ मध्येही वर्षाला सरासरी चारहून कमी टाक्या घेत होती, हे प्रश्नावलीत उमटत नाही), नवऱ्याची मोटरसायकल आहे, मोबाइल आहे. मुकादमाचा फोन येतो तो त्याच मोबाइलवर, आणि मजूर अड्ड्यावरचं कामही आता त्यावरच कळतं. बहुतेक निकषांवर हे घर पास होतं. सहा महिन्यांचं पाल, अंगावरची उचल आणि काढलेली पिशवी यांना निकषच नाही.

गरिबी मोजायचीच असेल तर दोन प्रश्न प्रश्नावलीत घालून पाहावेत. आठवड्यात दहा हजार रुपये लागले तर कोठून आणाल आणि काय व्याजाने? आणि मालकाला उद्या ‘नाही येत’ म्हणालात, तर घर किती दिवस चालेल? घरात काय आहे हे विचारणाऱ्या याद्यांपेक्षा या दोन उत्तरांतून माणूस नेमका कुठे उभा आहे ते लवकर कळेल. पहिल्याचं उत्तर खेड्यापाड्यांत बऱ्याचदा ‘शेकडा पाचने’ असं येतं. दरमहा शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. फ्लॅटसाठी आठ-नऊ टक्क्यांनी कर्ज मिळवणारा माणूस त्याच सावकारी कर्जदाराला काटकसर शिकवतो, तेव्हा तो आपल्यापेक्षा सहा-सातपट महाग पैसा वापरणाऱ्याला हिशेब शिकवत असतो.

आता दारू. दारूने घरं बुडतात यात शंका नाही. पण दारू बंद व्हावी म्हणून महाराष्ट्रात रस्त्यावर आलं कोण? गावोगावच्या गरीब बायका. मतपत्रिकेवर बाटली आडवी करून दुकान बंद पाडायचा हक्क त्यांनीच लढून मिळवला आणि वापरला. चंद्रपूरच्या दारूबंदीसाठीही त्याच मोर्चे घेऊन गेल्या होत्या. शिवाय मदतीचा पैसा दारूत जातो का, हा तपासून पाहता येण्याजोगा प्रश्न आहे आणि तो तपासला गेला आहे. जागतिक बँकेचे डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा यांनी वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा आढावा घेतला. हातात रोख रक्कम आल्याने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो, असं त्यांना आढळलं नाही. उलट बऱ्याच ठिकाणी तो घटला होता.

लग्नाच्या खर्चाचा आरोप अर्धा खरा आहे आणि तो फक्त गरिबांवर का, हा प्रश्न पुढे येतोच. पण घर खाली येतं ते मुख्यतः लग्नाने नव्हे. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात, आंध्रपासून केनिया-पेरूपर्यंत हजारो घरांचा मागोवा घेतला आणि ‘वन इलनेस अवे’ हे पुस्तक २०१० मध्ये लिहिलं. त्यांना दिसलं की गरिबी हा एकच गठ्ठा नसतो. काही घरं वर येत असतात आणि त्याच काळात दुसरी खाली जात असतात, आणि खाली जाण्याचं सर्वांत मोठं कारण दुखणं हे असतं. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेने मोठ्या शस्त्रक्रियांचा भार हलका केला आहे, ते श्रेय तिचं. पण रोजचं औषध, तपासण्या, तालुक्याला जायचं भाडं आणि बरोबर जाणाऱ्याची बुडालेली मजुरी यांचं बिल तिच्यात बसत नाही.

‘हिशेब कळत नाही’ या आक्षेपाला एक गमतीदार उत्तर ऊस शेतीतूनच आलेलं आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांच्या बुद्धिचाचण्या सेंधिल मुल्लैनाथन, एल्दार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडणीच्या आधी, हात तंगलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर घेतल्या. माणूस तोच, पण पैसे आल्यावर तो चाचणीत सरस ठरला. २०१३ मध्ये हे ‘सायन्स’मध्ये छापून आलं. त्यावर नंतर वादही झाले. तरी वीज बिल, हप्ता आणि शाळेची फी एकाच आठवड्यात आलेल्या कोणालाही त्यात अशक्य काही वाटणार नाही.

शेवटी तो आवडता मुद्दा: फुकट धान्याने आणि ‘लाडकी बहीण’ने माणसं आळशी झाली, मजूर मिळेनासे झाले. रेशनचं माणशी महिना पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅम, साधारण ५७० उष्मांक. कष्टाचं काम करणाऱ्याच्या गरजेचा चौथा हिस्साही नाही. दीड हजार रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. दिवसाच्या पन्नास रुपयांच्या आधाराने एखादी बाई निंदणीला यायचं नाकारत असेल, तर तिच्या आळसाची चौकशी करण्याआधी तिला देऊ केलेल्या मजुरीची आणि भर उन्हातल्या तासांची चौकशी करायला हवी. आणि माणसं खरोखर पाच किलो गव्हावर झोपून राहत असती, तर दर हिवाळ्यात उसाचे फड तोडले कोणी असते?

रेशनमध्येही लबाडी चालते, हे खरं. पण अन्नसुरक्षा योजनेसाठी महाराष्ट्रात शहरी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार आणि ग्रामीण कुटुंबाची ४४ हजार आहे. शहरात अख्ख्या कुटुंबाने महिन्याला पाच हजारांच्या आत राहायचं! मर्यादाच अशी की खरं उत्पन्न सांगणारा धुणंभांडीवाल्या बाईचा नवरा बाद होतो. मग तहसीलमधून पाहिजे तो दाखला आणला जातो आणि आणणारा लबाड ठरतो.

‘आमच्या कराच्या पैशाने’ ही तक्रार महाराष्ट्रात जरा जपूनच करायला हवी. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. पगाराच्या चिठ्ठीवर महिन्याला कापले जाणारे दोनशे रुपये (फेब्रुवारीत तीनशे) ते हेच. वर्षाला अडीच हजार, आणि १९८८ पासून राज्यघटनेने घालून दिलेली कमाल मर्यादाही तेवढीच. तो पैसा फुकट वाटण्यासाठी गोळा झाला नव्हता, कामाची मजुरी देण्यासाठी झाला होता. त्या मजुरीतून पाझर तलाव, नालाबांध आणि शिवाराचे रस्ते उभे राहिले. तेव्हाही बडे शेतकरी म्हणत होते की या योजनेने मजूर माजले. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि आंबा, डाळिंब, संत्र्याच्या बागा अनुदानावर शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीत उभ्या राहिल्या. त्या बागांचे खड्डे खणण्याची मजुरी रोजगार हमीच्या हजेरीपटावर चढली होती, आणि आज मजूर मिळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांत त्या बागांचे मालकही आहेत.